मुळं क्षार ‘सक्रियपणे’ घेतात म्हणजे नक्की काय? पाणी साचलेल्या रानातला ऊस आणि वर्गात दाखवता येईल असा प्रयोग

चिकोडी_जीवशास्त्र
नमस्कार मंडळी. पीयूसी पहिल्या वर्षाच्या (म्हणजे अकरावीच्या) मुलांना वनस्पतींचं क्षारशोषण शिकवायचं आहे. बरीचशी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, म्हणून हा भाग मराठीत एकदा पक्का करून द्यायचा विचार आहे. काही मुद्द्यांवर जाणकारांचं मत हवंय.

जुन्या नोट्समध्ये लुंडेगार्डचा सायटोक्रोम पंप (सायटोक्रोम म्हणजे श्वसनात इलेक्ट्रॉन वाहणारी प्रथिनं) आणि बेनेट-क्लार्कचा लेसिथिन वाहक (लेसिथिन हा पेशीपटलातला मेदासारखा पदार्थ) हे दोन सिद्धांत अजून पानंच्या पानं व्यापून आहेत. आज ते किती धरायचे? दुसरं, ‘पेशीत बाहेरच्यापेक्षा क्षार जास्त, म्हणून शोषण सक्रिय (ऊर्जा खर्चून होणारं)’ हे वाक्य प्रत्येक आयनाला, म्हणजे क्षाराच्या भारित कणाला, लागू पडतं का? आणि तिसरा प्रश्न मुलांचाच आहे. कृष्णाकाठच्या काळ्या रानात पावसाळ्यात आठ-दहा दिवस पाणी तुंबलं की ऊस पिवळा पडतो. खत तर घातलेलं असतं, मग मूळ ते घेत का नाही?

सायनाइड-बियनाइड न वापरता वर्गात दाखवता येईल असा एखादा प्रयोग असेल तर तोही मापासकट सांगा.

मूलरोम
सर, आधी पंपाचं बोलू. तो समजला की बाकीचं सुटत जातं.

मुळाच्या पेशीपटलात एक प्रथिन असतं, प्रोटॉन पंप. एक एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, फोडतो आणि एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजन आयन, पेशीबाहेर टाकतो. मूळ बाहेरून क्षार घेतं तेव्हा थेट एटीपी खर्च होतो तो मुख्यतः या एकाच जागी. नायट्रेटचा वेगळा एटीपी-पंप, फॉस्फेटचा वेगळा, असं चित्र मुलांच्या डोक्यात बसतं ते आधी काढायला हवं.

प्रोटॉन बाहेर गेले की दोन गोष्टी होतात. पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने ऋण होतो, साधारण उणे १२० ते उणे २०० मिलिव्होल्ट. आणि पेशीभित्तिकेतला पीएच ५.५ च्या आसपास उतरतो, आत मात्र तो ७.२ ते ७.५ राहतो. आता हिशेब करा. २५ अंशाला पीएचच्या एका एककाला ५९ मिलिव्होल्ट. दोन एककांचा फरक धरला तर सुमारे ११८, त्यात विद्युतदाबाचे १२० मिळवा. प्रोटॉनला परत आत ढकलणारा जोर झाला जवळजवळ २४० मिलिव्होल्ट. क्षार आत खेचले जातात ते या जोरावर.

नायट्रेट ऋणभारित, पेशी आतून ऋण, शिवाय आत त्याचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा जास्त. म्हणजे त्याला विद्युतदाबाचा चढ आणि संहतीचा चढ, दोन्ही चढायचे. वाहक प्रथिन एका नायट्रेटबरोबर दोन प्रोटॉन आत सोडतं, म्हणून हा चढ पार होतो. एका प्रोटॉनला एक एटीपी धरला तर एका नायट्रेटला दोन एटीपी पडले. फॉस्फेट, सल्फेट, क्लोराइड याच पद्धतीने प्रोटॉनच्या जोडीने आत येतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. आत प्रमाण जास्त असणं हा पुरावाच नव्हे, कारण धन आयन नुसत्या ऋण दाबानेही आत गोळा होतो. कसोटी नर्न्स्टच्या समीकरणाची लावायची; नुसत्या विद्युतदाबाने आयन आत किती जमेल ते हे समीकरण सांगतं. एकभारी आयनासाठी दर ५९ मिलिव्होल्टला दहापट फरक आपोआप येतो. हिगिनबॉटम आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये वाटाण्याच्या मुळांवर केलेली मोजणी वर्गात फळ्यावर लिहा. विद्युतदाब उणे ११० मिलिव्होल्ट. पोटॅशियम बाहेर लिटरला १ मिलिमोल (पुढचे आकडेही याच मापात). समीकरणाप्रमाणे आत ७४ असायला हवं, सापडलं ७५. म्हणजे त्या द्रावणात पोटॅशियम ७५ पट साठूनही ते सक्रिय शोषण आहे असं म्हणता येत नाही. सोडियम बाहेर १, अपेक्षा ७४, सापडलं फक्त ८. पेशी ते बाहेर ढकलते आहे. नायट्रेट बाहेर २, अपेक्षा ०.०३ च्याही खाली, सापडलं २८. हे खरं सक्रिय शोषण. कॅल्शियम तर आत हजारोंच्या घरात जायला हवं, सापडतं २ मिलिमोल, आणि पेशीद्रव्यात मोकळं कॅल्शियम त्याहूनही कितीतरी कमी असतं. म्हणजे कॅल्शियमच्या बाबतीत ऊर्जा खर्च होते ती त्याला बाहेर आणि रिक्तिकेत हाकलण्यासाठी.

पोटॅशियमबद्दल एक पुरवणी. विद्युतदाब उणे १८० असेल तर आतल्या १०० मिलिमोलसाठी बाहेर ०.१ मिलिमोल असलं तरी ते वाहिनीतून, म्हणजे पटलात आयनाला आरपार वाट देणाऱ्या प्रथिनातून, निष्क्रियपणे आत येऊ शकतं. बाहेर त्याहून बरंच कमी झालं की मगच प्रोटॉनच्या जोडीने ओढून घेणारं उच्च-आकर्षणाचं वाहक प्रथिन लागतं. तरीही पंप बंद पडला तर विद्युतदाबच ढासळतो, आणि मग वाहिनीतून येणारं पोटॅशियमही थांबतं, उलट गळू लागतं. म्हणून मुलांना ‘थेट सक्रिय’ आणि ‘पंपावर अवलंबून’ यातला फरक नीट सांगा.

आता जुने सिद्धांत. लुंडेगार्डचं निरीक्षण खरं होतं: क्षार दिले की मुळांचं श्वसन वाढतं. त्यावरून इलेक्ट्रॉन सायटोक्रोमवरून एका दिशेला जातात आणि ऋण आयन उलट दिशेला आत सरकतात असं त्याने मांडलं. हे टिकलं नाही ते डायनायट्रोफेनॉलमुळे. या पदार्थाने श्वसन वाढतं, पण एटीपी तयार होणं थांबतं. आणि शोषण मात्र घटतं. इलेक्ट्रॉनचा प्रवाह जोरात चालू असून आयन येत नाहीत, तर आयन त्या प्रवाहाला जोडलेले नाहीत. एवढा एक प्रयोग शिकवण्यासारखा आहे, कारण तो तर्क शिकवतो. लेसिथिनचा सिद्धांत इतिहास म्हणून दोन ओळींत उरकावा. आयन बांधून फिरणाऱ्या लेसिथिनचा पुरावा मिळाला नाही, वाहक प्रथिनं मात्र जनुकांसकट हाती आहेत.

त्याऐवजी वेळ द्यायचा तर एपस्टाइन आणि हेगन यांच्या १९५२ च्या कामाला द्या. बार्लीची तोडलेली मुळं, रुबिडियमचं शोषण, आणि आलेख निघाला तो विकराच्या आलेखासारखा: आधी भराभर वर, मग आडवा. पोटॅशियम घातलं की रुबिडियमचं शोषण घटतं, दोघं एकाच जागेसाठी भांडतात. वाहकांची संख्या मर्यादित असते हे यातून दिसतं.

प्रयोगवही
प्रयोगाचं मी सांगतो. ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा दर्शक वापरा. पीएच ५.२ च्या खाली पिवळा, ६.८ च्या वर जांभळा. मुळाभोवती प्रोटॉन बाहेर पडतात की आत जातात ते डोळ्यांनी दिसतं.

अर्ध्या लिटरचं माप देतो, ९० मिलिमीटरच्या वीसेक पेट्री डिश होतात. ऊर्ध्वपातित पाणी ५०० मिलिलिटर, अगार ३.७५ ग्रॅम, दर्शक ३० मिलिग्रॅम, कॅल्शियम सल्फेट सुमारे ८५ मिलिग्रॅम. दर्शक थेट पाण्यात नीट विरघळत नाही. आधी दोन-तीन मिलिलिटर अल्कोहोलमध्ये विरघळवून मग घाला. अगार उकळून पारदर्शक झालं की दोन भाग करा, २५०-२५० मिलिलिटर.

पहिल्या भागात अमोनियम सल्फेट, दुसऱ्यात कॅल्शियम नायट्रेट. इतकी कमी वजनं साध्या काट्यावर येत नाहीत, म्हणून आधी साठ्याची द्रावणं करा: १०० मिलिलिटर पाण्यात अमोनियम सल्फेट १.३२ ग्रॅम, दुसऱ्या १०० मिलिलिटरमध्ये चार रेणू पाणी असलेलं कॅल्शियम नायट्रेट २.३६ ग्रॅम. प्रत्येकी अडीच मिलिलिटर त्या-त्या भागात. दोन्हीकडे नत्र सारखंच, २ मिलिमोल. मग अगदी पातळ सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून पीएच ६ वर आणा. रंग पिवळाही नाही, गडद जांभळाही नाही, असा मधला हवा. ही पायरी शेवटी करा, कारण अगार आणि क्षार दोन्ही पीएच हलवतात.

मक्याची चार-पाच दिवसांची रोपं घ्या, ओल्या कागदाच्या गुंडाळीत वाढवलेली. मुळं सरळ येतात आणि मातीचा संबंध राहत नाही. आदल्या दिवशी अर्ध्या रोपांना पातळ नायट्रेट द्या. नायट्रेट कधीच न पाहिलेल्या मुळात त्याचे वाहक कमी असतात, ते तयार व्हायला काही तास लागतात. ही पायरी गाळली की नायट्रेटची डिश ढिम्म राहते.

डिशमध्ये तीन-चार मिलिमीटर अगार ओता, घट्ट झालं की मुळं हलक्या हाताने त्यात दाबा, वरून कोमट अगारचा पातळ थर. कोमट म्हणजे हाताला सहज सोसेल इतकाच. गरम ओतलं तर मुळाची त्वचाच मरते आणि मेलेलं मूळ आतला रस सोडून भलताच रंग दाखवतं. कोंब बाहेर उजेडात, मुळांचा भाग काळ्या कागदाने झाकलेला.

अमोनियमच्या डिशमध्ये काही तासांत मुळालगत पिवळा पट्टा दिसू लागतो. नायट्रेटच्या डिशमध्ये रात्रभरात जांभळा. कारण मूलरोम यांनी सांगितलंच आहे: नायट्रेट स्वतःबरोबर दोन प्रोटॉन आत नेतं, अमोनियम धन भार आत आणतं आणि तो भार फेडायला पंप जास्त प्रोटॉन बाहेर टाकतो. नायट्रेटच्या डिशमध्ये टोकामागच्या वाढत्या भागाजवळ पिवळं राहिलं तर प्रयोग फसला असं समजू नका, तिथे पेशी लांबण्यासाठी प्रोटॉन बाहेर पडतच असतात.

एखादं हुशार पोर विचारेल की पिवळा रंग श्वसनातल्या कार्बन डायऑक्साइडचा कशावरून नाही? उत्तर दुसऱ्या डिशमध्ये आहे. तीही मुळं तितकीच श्वास घेतात, पण रंग जांभळा होतो.

ऊर्जेचा पुरावा हवा तर अमोनियमची एक डिश तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवा. पिवळा पट्टा फारच हळू येतो. नुसतं विसरण दहा अंशांच्या फरकाने थोडंसंच बदलतं. पंप आणि श्वसन दुपटीहून जास्त. डिश बाहेर काढून कोमट जागी ठेवली की पट्टा पुन्हा पसरतो, म्हणजे मूळ जिवंत होतं हेही कळतं. मका थंडी सोसत नाही, म्हणून रात्रभर ठेवू नका.

फसण्याचं सगळ्यात मोठं कारण पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी बायकार्बोनेटने भरलेलं असतं. ते मुळाने टाकलेले प्रोटॉन गिळून टाकतं आणि दोन दिवस ठेवलं तरी रंग हलत नाही.

डायनायट्रोफेनॉल आणि पंप रोखणारं व्हॅनेडेट महाविद्यालयाच्या वर्गात आणूच नका. पहिलं कोरडं असताना स्फोटक आहे आणि विषारीही.

घटप्रभाकाठ
उसाच्या प्रश्नावर लिहितो.

पाण्यातून ऑक्सिजन पसरतो तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू. रान तुंबलं की मातीत अडकलेला ऑक्सिजन मुळं आणि जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात. ऑक्सिजन असताना एका ग्लुकोजमागे तीसेक एटीपी मिळतात, नसताना फक्त दोन. पंपाचा दाणागोटाच संपला. पेशीद्रव्य आंबट होतं, विद्युतदाब घसरतो, नायट्रेट येणं थांबतं आणि आत असलेलं पोटॅशियम गळतं. २००३ मध्ये हेही दाखवलं गेलं की पेशीद्रव्य आंबट झालं की पटलातल्या पाण्याच्या वाहिन्या मिटतात. पाण्यात उभं पीक दुपारी मान टाकतं ते यामुळे.

पण सर, मुलांना अर्धीच गोष्ट सांगू नका. मूळ घेत नाही हे खरं, आणि घ्यायला नायट्रेट उरतही नाही हेही तितकंच खरं. ऑक्सिजन संपला की मातीतले जिवाणू नायट्रेटचाच श्वसनासाठी वापर करतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. म्हणून तुंबलेल्या पाण्यात युरियाची पोती रिकामी करणं म्हणजे पैसे चरात सोडणं. आपल्या भागात हे सर्रास चालतं आणि ते थांबायला हवं.

आधी चर काढून पाणी बाहेर. वाफसा आला की बुडख्याशेजारी वीतभर उकरून मुळं बघा. काळी, सडक्या अंड्याच्या वासाची मुळं गेलेली समजा. पांढरी नवी मुळं दिसली की मगच नत्राचा हप्ता, तोही थोडा-थोडा. तोवर पीक तगवायला पानांवर २ टक्के युरिया, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. युरियाच्या रेणूवर भार नसतो, पानाच्या मेणचट थरातून तो आयनांपेक्षा सहज शिरतो.

पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघणं फार महत्त्वाचं. खालची जुनी पानं आधी पिवळी झाली तर नत्राची उपासमार: झाड जुन्या पानातलं नत्र काढून कोंबाला देतं. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. चुनखडीच्या रानात, विशेषतः खोडव्यात, हे नेहमी दिसतं. ऊस, जोंधळा, मका ही गवतं मुळातून एक खास पदार्थ सोडून लोह पकडतात आणि ती जोडी अख्खी आत ओढतात. ते ओढणंही प्रोटॉनच्या जोरावरच. तिथे युरिया काही करणार नाही. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल १ ग्रॅम, ताजं कालवून फवारा. द्रावण तांबूस झालं तर लोह फेरिक रूपात गेलं, ते वाया.

अथणी-रायबागकडच्या खारवट, चोपण रानांत तिढा आणखी वाढतो. सोडियमला आत यायला संहती आणि विद्युतदाब दोन्हीकडून उतार मिळतो. मूळ ते प्रोटॉनच्या बदल्यात बाहेर ढकलत असतं. त्याच रानात पाणी तुंबलं की ढकलायला ऊर्जा नाही, आणि दोन-चार दिवसांत सोडियम पानापर्यंत पोचतं. म्हणून अशा रानात आधी निचरा, मग माती तपासून लागेल तेवढं जिप्सम. निचऱ्याशिवाय जिप्समचा उपयोग नाही, जिप्सममधल्या कॅल्शियममुळे मातीतून सुटलेलं सोडियम धुऊन जायला वाट हवी.

निपाणीकडच्या मुलांसाठी एक उदाहरण: तंबाखूला पोटॅश देताना म्युरिएट (पोटॅशियम क्लोराइड) टाळून सल्फेट देतात. क्लोराइड ऋण आयन असूनही मूळ ते प्रोटॉनच्या जोडीने भरपूर ओढतं, पानात साठवतं, आणि असं पान नीट जळत नाही. सक्रिय शोषण म्हणजे झाड गरजेपुरतंच घेतं असा अर्थ होत नाही.

चिकोडी_जीवशास्त्र
फार उपयोगी, आभारी आहे. दोन शंका. खानापूरकडे भात महिनोन्‌महिने पाण्यात उभा असतो, तो पिवळा का पडत नाही? आणि आलेख आडवा होतो म्हणजे एका मर्यादेनंतर खत वाढवून शोषण वाढतच नाही, असं मुलांना सांगितलं तर चालेल ना?

मूलरोम
भाताच्या मुळात पोकळ्यांची वायुऊती असते. पानातून ऑक्सिजन त्या वाटेने मुळाच्या टोकापर्यंत जातो, आणि मुळाच्या जुन्या भागाच्या बाहेरच्या थरात तो वाटेत गळू नये अशी तटबंदी तयार होते. पंपाला एटीपी मिळत राहतो. शिवाय भात नत्र घेतो ते मुख्यतः अमोनियम म्हणून, आणि ते बिनऑक्सिजनच्या चिखलात टिकतं. भाताला युरिया किंवा अमोनियम सल्फेट चालतं, नायट्रेटची खतं देत नाहीत ती यासाठीच.

दुसरं विधान तसं सरसकट करू नका सर. एपस्टाइनचा आडवा आलेख हा बाहेर साधारण १ मिलिमोलच्या खालचा भाग. पोटॅशियमसाठी निम्मा वेग ०.०२ मिलिमोलच्या आसपासच मिळतो, इतकी ती यंत्रणा तीक्ष्ण आहे. पण १ मिलिमोलच्या वर दुसरी, कमी आकर्षणाची यंत्रणा कामाला लागते आणि शोषण पुन्हा वाढत जातं. त्यामुळे भरपूर पोटॅश दिलं तर झाड गरजेपेक्षा जास्त घेऊन साठवतंही.

फॉस्फेटची गोष्ट आणखी वेगळी. मातीच्या पाण्यात ते मिलिमोलच्या हजाराव्या भागात मोजावं लागतं, पेशीत काही मिलिमोल. वाहक भराभर खेचतात आणि मुळाभोवतीचा एखाद-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा होतो. पुढचं फॉस्फेट तिथवर सरकत यायला दिवस लागतात. अडतं ते मातीतल्या विसरणावर, वाहकावर नव्हे. म्हणून सुपर फॉस्फेट रानभर उधळण्यापेक्षा सरीत, मुळांच्या वाटेत देतात.

प्रयोगवही
भाताचं निघालंच आहे म्हणून: डिशच्या प्रयोगाला भाताची रोपं घेऊ नका. नुकत्या उगवलेल्या मक्याच्या रोपांत वायुऊती फारशी नसते, म्हणून ती बरी. ऑक्सिजनचा परिणाम दाखवायचा झाला तर मक्याची वीस-वीस रोपं दोन ग्लासांत, प्रत्येकी २०० मिलिलिटर पाण्यात १६ मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आणि चिमटीभर जिप्सम. त्यातून लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट होतं. एका ग्लासात मत्स्यालयाचा हवेचा पंप सोडा, दुसऱ्यात आधी उकळून झाकून गार केलेलं पाणी आणि वर खाद्यतेलाचा पातळ थर. इथेही रोपांना आदल्या दिवशी नायट्रेट द्यायचं. मग मत्स्यालयाच्या नायट्रेट पट्ट्यांनी दर दोन तासांनी मोजा. प्रयोग त्याच दिवशी संपवा. रात्रभर ठेवलात तर तेलाखालच्या ग्लासात जिवाणूच नायट्रेट खातात, आणि घट मुळाची की त्यांची ते सांगता येत नाही. तिसरा ग्लास रोपांशिवाय ठेवा, तोही तेलाखाली.